तिखट का गोड? बाईवर प्रेम करणाऱ्या बाईची पुस्तकं सुचवताना

भुलाबाईच्या दिवसांत आमच्याकडे गाणी म्हणून झाली की खाऊ ओळखायचा खेळ सुरू होतो. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते आणि पोरी विचारत सुटतात, तिखट का गोड? कुरकुरीत का मऊ? दुधाचा का डाळीचा? डबा कोणी हिसकावत नाही. तुमच्या घरी हाच खाऊ काहून केला, असंही कोणी विचारत नाही. वाचकाला पुस्तक सुचवायचं काम मी याच खेळातून शिकले.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी ड वर्गाचं वाचनालय सांभाळते. चार कपाटं, दोन बाकं, आणि लाईट असली तर फिरणारा एक पंखा. आजूबाजूच्या गावांतल्या वाचनालयांत आता नव्या पोरी लागल्यात. त्यातल्या दोघींनी वेगवेगळ्या वेळी मला एकच विचारलं, "ताई, दोन बायकांच्या प्रेमाचं पुस्तक मागाले कोणी आलं तर काय द्याव?" हे त्यांच्यासाठी आहे. बचत गटात वाचून दाखवणाऱ्या, होस्टेलवर मैत्रिणीला पुस्तकं पुरवणाऱ्या कोणालाही चालेल.

आधी शब्दांचं पाहून घ्या. बाईवर प्रेम करणारी बाई म्हणजे समलैंगिक किंवा लेस्बियन, दोन्ही शब्द आता वर्तमानपत्रात येतात. घोटाळा होतो तो दुसऱ्या शब्दाचा. जिला पुरुषही आवडतो आणि बाईही, तिला पुष्कळ जण सर्रास 'उभयलिंगी' म्हणतात. उभयलिंगी गांडूळ असतं, शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकलो आपण. नर-मादी दोन्ही अवयव एकाच देहात, असा त्याचा अर्थ. माणसासाठी उभयलैंगिक म्हणा, नाही तर सरळ बायसेक्शुअल म्हणा. आणि समोरची कोणताच शब्द वापरत नसेल तर तुम्हीही वापरू नका.

कारण ती बहुतेक वेळा वापरतच नाही. टेबलापाशी येऊन "लेस्बियन पुस्तक द्या" म्हणणारी मला अजून भेटलेली नाही. "दोन मैत्रिणींची गोष्ट हाय का?" असं विचारतात. "लग्न न केलेल्या बाईची कादंबरी." "ते टीव्हीवर दाखवलं होतं तसं काही." कधी एखादी नुसती कपाटापुढे उभी राहते आणि चौथ्या दिवशी काहीतरी पुटपुटते. अशा वेळी 'कोणासाठी पाहिजे?' हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. सत्यनारायणाची पोथी मागणाऱ्याला आपण कोणासाठी म्हणून विचारतो का? विचारायचं ते डब्यासारखं. कोणत्या भाषेतलं चालेल? मागे वाचलेलं काय आवडलं होतं? रडवणारं चालते का? जाड पाहिजे का पातळ? कापूस वेचाईच्या दिवसांत बाई संध्याकाळी अंग टाकते ते सकाळीच उठते. तिला सहाशे पानांची कादंबरी दिली तर ती न वाचता परत येईल आणि तुम्हाला वाटेल पुस्तक आवडलं नाही.

मी स्वतः पहिल्यांदा काय दिलं ते सांगते, म्हणजे तुम्ही ती चूक करणार नाही. बीएला असलेली एक पोरगी होती. मराठीतच पाहिजे म्हणाली. माझ्या डोक्यात एकच नाव आलं, विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट'. 1981 साली रंगभूमीवर आलेलं नाटक, रोहिणी हट्टंगडींनी मित्राचं काम केलेलं. स्वातंत्र्याआधीच्या कॉलेजातली सुमित्रा, तिची दुसऱ्या मुलीवरची ओढ, आणि हे सगळं पाहणारा, तिच्यावर जीव लावून बसलेला बापू. लिहिलेलं जबरदस्तच आहे. पण शेवटी मित्रा जीव देते. पोरीनं दोन दिवसांत पुस्तक आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ताई, अशी पोरगी मरतेच काय नेहमी?"

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे, आणि या सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं तर तेच ठेवा. पहिलं पुस्तक असं द्यायचं ज्यात ती शेवटी जिवंत असते. शेवट आधी सांगितला तर मजा जाते म्हणतात. जाऊ द्या. या बाबतीत "यात कोणी मरत नाही" एवढं आधी सांगणं हीच खरी शिफारस असते. 'मित्राची गोष्ट' मी अजूनही देते, पण तिसरं किंवा चौथं, आणि सांगून.

मग पहिलं काय? माझं उत्तर ठरलेलं आहे, विजयदान देथांची 'दोहरी जिंदगी'. मूळ राजस्थानी, हिंदीत मिळते. आपल्याकडे हिंदी कोणाला जड जात नाही. नागपूर किती तरी वर्षं मध्यप्रांताची राजधानी होतं, आणि बाजारातली अर्धी बोली आपली हिंदीच आहे. देथा बोरुंदा नावाच्या खेड्यात बसून लोककथा गोळा करायचे आणि त्यांना आपल्या हातानं नवा घाट द्यायचे. या कथेत दोन सावकार मित्र, लेकरं जन्मायच्या आधीच सोयरीक ठरवून बसतात. होतात दोघांनाही मुली. त्यातला एक लोभी बाप आपल्या मुलीला मुलगा म्हणून वाढवतो आणि हुंडा घेऊन लग्न लावून देतो. बीजा आणि तीजा. पहिल्या रात्री दोघींना खरं कळतं, आणि पुढे जे होतं ते ना सावकारांना झेपतं, ना गावाला. दोघी गाव सोडतात आणि त्यांना आसरा देतो तो भुतांचा सरदार! माणसांपेक्षा भूत बरं, हे वाचून आमच्या गटातली एक आजी मनापासून हसली होती. पुढे वरदान मिळून एकजण पुरुष होते तेव्हा तिच्या वागण्यात काय फरक पडतो, ते मात्र सांगत नाही. खेड्यातली गोष्ट आहे, आजीच्या तोंडून ऐकल्यासारखी आहे, आणि वाचून दाखवायला अर्धी दुपार पुरते.

हिंदीतच ज्यांना संथ, धुक्यासारखी कादंबरी आवडते त्यांना गीतांजली श्री यांची 'तिरोहित' द्या. एकमेकींना लागून असलेल्या घरांची एकच लांबलचक गच्ची, आणि तिच्यावर चच्चो आणि ललना या दोघी. त्यांच्यात नेमकं काय होतं ते लेखिका बोट ठेवून सांगत नाही. काही वाचकांना याचा राग येतो. मला नाही येत. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकून झोपलेल्या बायकांना अंधारात काय काय बोलता येतं ते आपल्याला माहीत आहे.

मराठीत यायचं तर 'रजई'. इस्मत चुगताईंच्या कथा कविता महाजनांनी मराठीत आणल्या, त्या अनुवादाला साहित्य अकादेमीचा पुरस्कारही मिळाला. 'लिहाफ' ही मूळ उर्दू कथा 1942 ची. नवाबाची दुर्लक्षित बेगम, तिची मालिश करणारी रब्बू, आणि भिंतीवर हत्तीसारखी हलणारी रजईची सावली. सगळे हीच कथा पहिली सुचवतात. मी सुचवत नाही. ती एका लहान मुलीच्या नजरेतून सांगितली आहे, आणि त्या मुलीला बेगमकडून जी भीती वाटते ती खरी भीती आहे. हे आधी सांगा, मग द्या. बाकीच्या कथा मात्र कोणालाही द्या, इस्मतआपाची जीभ आपल्याकडच्या फटकळ मोठ्यामायसारखी चालते.

एक गंमत ध्यानात ठेवा. बिंदुमाधव खिरे यांचं 'पार्टनर' नावाचं पुस्तक आहे, एका समलिंगी मुलाची गोष्ट. कोणी 'पार्टनर' मागितलं की आपला हात सवयीनं व. पु. काळ्यांच्या कादंबरीवर जातो. माझा गेला होता. वाचक ते घेऊन गेला आणि बिचाऱ्यानं पूर्ण वाचलंही. लेखकाचं नाव विचारून घ्यावं. खिऱ्यांचं 'इंद्रधनु' हे माहितीचं पुस्तक आईबापांना देण्यासारखं आहे.

इथून पुढची बरीचशी पुस्तकं इंग्रजी आहेत. गावात इंग्रजी कोण वाचतं, असं म्हणू नका. यवतमाळला, अमरावतीला शिकणाऱ्या पोरी सुट्टीत घरी येतात, त्या वाचतात. आणि त्या आईला सांगतात.

लग्न झालेल्या बाईसाठी वेगळा विचार करा. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी संसारातल्या असतात, आणि अशा पुस्तकांतल्या नायिका मात्र बहुतेक शहरातल्या, एकट्या, नोकरीवाल्या. मंजू कपूर यांची 'अ मॅरीड वुमन' ही 2002 ची कादंबरी इथे कामी येते. दिल्लीतली आस्था, नवरा, दोन मुलं, सासर. बाबरी मशिदीच्या दिवसांत तिची गाठ पिपीलिकाशी पडते. नवऱ्याशी असलेलं नातं खोटं नव्हतं आणि हेही खोटं नाही, हे ओढाताणीचं चित्र तिथे आहे. उभयलैंगिक बाईला लोक फार लवकर 'गोंधळलेली' म्हणून मोकळे होतात. या कादंबरीत गोंधळ आहे तो घराचा, वेळेचा, पैशाचा.

दुसरी, आणि माझी सगळ्यात आवडती, अॅलिस वॉकर यांची 'द कलर पर्पल'. 1982 चं पुस्तक, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं खेडं, काळ्या माणसांची वस्ती, शेती आणि मार. सेली देवाला पत्रं लिहिते, मोडक्यातोडक्या भाषेत. तिच्या नवऱ्याची प्रेयसी असलेली गायिका शग घरी आजारी होऊन येते, सेली तिची शुश्रूषा करते, आणि त्यातून सेलीला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मायेनं हात लावतं. शगला पुरुषही आवडतात, ती सेलीला दुखावतेही. आणि पुढे सेली फुलपँट शिवायचा धंदा काढते! आमच्या शिवणवर्गातल्या बायांना मी हे तोंडी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी आधी विचारलं की कापड कुठून आणायची. पण पहिल्याच पानांवर अल्पवयीन मुलीवर घरातल्या माणसानं केलेला अत्याचार आहे. ते सांगितल्याशिवाय हे पुस्तक हातात द्यायचं नाही, मग मागणारी कितीही शिकलेली असो.

आता प्रकारांबद्दल. नवीन माणसाला वाटतं की अशा वाचकाला 'प्रश्नावरचं' पुस्तक द्यायला पाहिजे. तिला प्रश्न पाठ आहे हो, ती रोज त्यातच राहते. रहस्यकथा वाचणारीला रहस्यकथाच द्या. सारा वॉटर्स यांची 'फिंगरस्मिथ' (2002, बुकरच्या अंतिम यादीत होती) ही व्हिक्टोरियन लंडनमधली ठकसेनी गोष्ट आहे. चोरांच्या घरात वाढलेली सू एका श्रीमंत मुलीची दासी म्हणून जाते, तिला फसवून इस्टेट लाटायला. तिथेच तिच्या प्रेमात पडते. आणि मध्यावर जमीनच सरकते. जाड आहे, पण मार्गशीर्षात तूर उभी असते आणि रात्री लांब असतात तेव्हा पुरतं.

चकवा, हडळ यांत रमणारीला 'कार्मिला'. शेरिडन ले फानू यांची 1872 ची छोटी कादंबरी, 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधीची. रक्त पिणारी सुंदर मुलगी आणि तिच्याकडे ओढली जाणारी लॉरा. बाईवर प्रेम करणारी म्हणजे हडळच, हे जुनं गणित त्यात आहे, त्यावर वाचक चिडली तर तिच्याशी वाद घालू नका, तिचं बरोबर आहे. जुनी असल्यानं इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळते.

गोड शेवटाची प्रेमकथा पाहिजे तर पॅट्रिशिया हायस्मिथ यांची 'द प्राइस ऑफ सॉल्ट'. 1952 मध्ये त्यांनी ती क्लेअर मॉर्गन या खोट्या नावानं छापली. दुकानात खेळणी विकणारी तेरेज आणि गिऱ्हाईक म्हणून आलेली कॅरल. त्या काळी अशा कादंबऱ्यांत एक तर बाई मरायची, नाही तर 'सुधारून' लग्न करायची. इथे तसं होत नाही, म्हणून वाचकांनी आभाराची पत्रं पाठवली. कॅरलला मात्र पोटच्या मुलीच्या ताब्याची किंमत मोजावी लागते. त्या बीएच्या पोरीला तिच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पुढे मी हीच मिळवून दिली.

विज्ञानकथेत 'धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर' (2019), दोन शत्रुपक्षांच्या हेर एकमेकींना लपवून पत्रं ठेवतात. इंग्रजी अवघड आहे, घाईनं देऊ नका. चित्रांतून वाचायचं तर अमृता पाटील यांची 'कारी' (2008), मुंबईतली. सुरुवातच दोघी उंचावरून उडी टाकतात तिथून होते, दोघींचा जीव वाचतो, पण सांगून द्या.

सुनीती नामजोशींवर थोडं थांबते. 1941 ला मुंबईत जन्म, आई फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातल्या, सुनीती स्वतः काही काळ सनदी अधिकारी होत्या, मग सगळं सोडून परदेशी गेल्या. 'फेमिनिस्ट फेबल्स' (1981) मध्ये पंचतंत्रासारख्या पान-पान, अर्ध्या पानाच्या गोष्टी आहेत, राजकन्या, गाढवं, चेटकिणी, आणि प्रत्येकीचं शेपूट उलटीकडे वळलेलं. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होईस्तोवर एक गोष्ट इंग्रजीतून मराठीत तोंडी सांगून होते. त्यांच्या 'द कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ' या पुस्तकात तर एक लेस्बियन, आणि वरून ब्राह्मण, गाय आहे. तिचं नाव भद्रावती! चंद्रपूर जिल्ह्यातल्या मंडळींनी मनावर घेऊ नये.

कथा-कादंबरी नको, खरं सांगा, म्हणणाऱ्या बाईला माया शर्मा यांचं 'लव्हिंग विमेन' (2006). उत्तर भारतातल्या कष्टकरी बायकांच्या दहा कहाण्या. हे थेर श्रीमंतांचे, शहरातले असतात, असं म्हणणाऱ्या कोणालाही हे पुस्तक पुरेसं आहे.

आणि काय देऊ नये? बंदी घालण्यासारखं मी काही मानत नाही. पण शोभा डे यांची 'स्ट्रेंज ऑब्सेशन' किंवा राजकमल चौधरींची हिंदी 'मछली मरी हुई' नवख्या वाचकाला देऊ नका. पहिलीत अशी बाई म्हणजे मागे लागलेलं संकट, दुसरीत म्हणजे आजार. ज्यानं दहा वाचलीत त्यानं ही दोन वाचावीत.

पुस्तकं आणायची कुठून, हा प्रश्न उरतो. वाचनालयाच्या अनुदानातून वर्षाची खरेदी होते तेव्हा या यादीतली दोन-तीन नावं इतर नावांमध्ये मिसळून टाका. जिल्हा ग्रंथोत्सवात हिंदी प्रकाशकांचे स्टॉल असले तर तिथे बघा. 'लिहाफ' रेख्ता या उर्दू साहित्याच्या संकेतस्थळावर देवनागरीत वाचता येते. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयाचं 'हिंदी समय' हे संकेतस्थळ आहे, त्यावर हिंदी साहित्याचा मोठा साठा फुकट आहे. नागपूरला कोणी जाणार असेल तर त्याच्या हातात चिठ्ठी द्या, पण चिठ्ठीवर वाचकाचं नाव नको.

नावाचंच सांगते. आपलं देवघेव रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि येणारा जाणारा त्यात डोकावतो. सरपंचबाईंनी कोणती पाककृतींची पुस्तकं नेली तेही गावाला ठाऊक असतं. म्हणून मी रजिस्टरात पुस्तकाचं नाव लिहायचं बंद केलं, फक्त दाखल क्रमांक. सगळ्यांच्याच पुस्तकांना. एकाच प्रकारच्या पुस्तकांना क्रमांक आणि बाकीच्यांना नाव, असं केलं तर लपवलेलं दुरून दिसतं. तसंच वेगळं कपाट करू नका, इंद्रधनुष्याचे स्टिकर लावू नका. शहरात ते छान दिसतं. इथे त्या कपाटापुढे कोणी उभं राहणार नाही. लेखकाच्या आडनावानं लावा, वाचणारी शोधून काढते. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर घाला, पावसाळ्यात टिकायलाही बरं.

फोनवर पाठवताना जपा. घरात एकच फोन असतो, तो रात्री भावाच्या हातात असतो. तिनं मागितल्याशिवाय काही पाठवू नका, आणि पाठवाल तर दिवसा. शाळकरी मुलींच्या बाबतीत मी फारच सावध असते. त्यांना वयाला साजेशी गोष्ट, आणि ती वाचनालयातच बसून.

कधीतरी कार्यकारिणीतलं कोणीतरी पुस्तक उचलून "हे अश्लील हाय" म्हणेल. भांडू नका. चहा द्या. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधाला गुन्ह्यातून बाहेर काढलं, हे शांतपणे सांगा. आणि 'लिहाफ'वरच्या खटल्याची गोष्ट सांगा. इस्मतआपाला लाहोरच्या कोर्टात जावं लागलं, आणि तिथे कथेतला नेमका अश्लील शब्द कोणता ते कोणाला दाखवता येईना. त्या सुटल्या. मी आमच्या सदस्यांना म्हटलं, "काकाजी, तुम्ही वाचा अन् शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारा, मी दुसऱ्या दिवशी कपाटातून काढतो." पुस्तक तीन आठवडे त्यांच्याकडे होतं. रेघ एकही नव्हती. दंड मात्र मी घेतला.

वाचणारी बोलू लागली तर ऐका, पण समुपदेशक बनू नका. जिवावर बेतण्यासारखं काही कानावर आलं तर मानसिक आधारासाठीचा टेलि-मानसचा 14416 हा फुकटचा सरकारी नंबर द्या, मराठीत बोलता येतं. नागपुरात सारथी ट्रस्ट या समुदायासाठी काम करते. मुंबईत बायकांचा 'लेबिया' हा गट 1995 पासून आहे. एवढी माहिती टेबलाच्या खणात लिहून ठेवावी.

पुस्तक परत आलं की कपाटात लावायच्या आधी एकदा पानं झटकून घ्या. बसचं तिकीट निघतं, कापसाचं बोंड निघतं, एकदा राखी निघाली होती. घडी केलेली चिठ्ठी निघाली तर उघडू नका. पाकिटात घाला, पाकिटावर फक्त दाखल क्रमांक टाका, आणि ती पुढच्या वेळी आली की पुस्तकाबरोबर तिच्या पुढे सरकवा.